तहाला जामीन कोण?

आसनगावजवळचा माहुली हा शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या मंडळींना ट्रेकचा किल्ला. पण दोन तहांशी त्याचं नाव जोडलेलं आहे. 1636 मध्ये इथं वेढ्यात अडकलेल्या शहाजीराजांनी बाल निजामशहा मोगलांच्या हवाली केला. पोर ग्वाल्हेरच्या कैदेत गेलं. जून 1665 मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले दिले, त्यात माहुलीही होता.

माघार की मुत्सद्देगिरी, एवढ्याच मापानं आपण हे तह वाचतो. आमची हरकत त्याला आहे. विचारायला हवं ते हे, की शब्द मोडला तर जाब कोणाला विचारायचा? महाराजांनी काय द्यायचं, ते किल्ल्यागणिक ठरलं. पण 1666 मध्ये ते आग्र्याला गेले, तेव्हा भरवसा होता मिर्झाराजे जयसिंगांच्या शब्दाचा. बादशहानं पहारे बसवले. जयसिंगांचे पुत्र रामसिंग जामीन राहूनही ते उठवू शकले नाहीत. 1670 मध्ये मोरोपंतांनी माहुली परत घेतला.

आजही सरकार आणि सशस्त्र गट यांच्यात शस्त्रसंधी झाली, की खाली ठेवलेल्या बंदुका मोजल्या जातात. सरकारनं दिलेल्या शब्दांचीही तशीच मोजदाद व्हावी, आणि ती तिसऱ्यानं करावी, एवढंच आमचं म्हणणं.