‘शेतकऱ्याचा असूड’ आणि शहराची जकात

नातेपुत्यासारख्या बाजाराच्या गांवीं बसून जोतीराव फुले यांचें ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) वाचतांना आमचें लक्ष जकातीच्या विवेचनावर खिळलें. गाडीभर माळवें शहरांत विकून, दलाली व म्युनिसिपालिटीची जकात भरून रिकाम्या हातानें परतणारा शेतकरी त्यांत भेटतो. हें चित्र केवळ कल्पनेचें नव्हे. १८७६ ते १८८२ पर्यंत जोतीराव स्वतः पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. ज्याच्या मालावर शहर पोसलें जातें, त्याला शहराच्या कारभारांत स्थान नाहीं, हें त्यांचें खरें गाऱ्हाणें आहे.

मात्र जकातीवांचून शहराचे दिवे व नळ कशावर चालावे, या प्रश्नाचा पुरता विचार ग्रंथांत आढळत नाहीं. तो प्रश्न मुंबईपुढें १ जुलै २०१७ रोजीं उभा राहिला. जकात बंद झाली, महापालिकेच्या उत्पन्नाची सर्वांत मोठी बाब गेली आणि भरपाईसाठीं राज्य सरकारकडे पाहणें आलें.

जोतीरावांच्या शेतकऱ्याला कर दिसत होता, पण मत नव्हतें. आजच्या नागरिकाला मत आहे, पण किमतींत दडलेला कर त्याला जाणवत नाहीं. घरपट्टीची पावती हातीं असलेला मनुष्य गटाराचा जाब विचारतो. हिशेब मागण्याची ती संवय टिकावी, म्हणून शहरवासीयांनींही हा ग्रंथ वाचावा, अशी आमची शिफारस आहे.