पोरसाचे हत्ती आणि पटावरचे फासे

इ.स.पू. ३२६ मध्ये झेलम नदीच्या काठी अलेक्झांडर आणि पोरस यांच्यात लढाई झाली. पट, सोंगट्या आणि फासे घेऊन ती टेबलावर पुन्हा लढता येते. असा युद्धखेळ वर्गासाठी तयार करावा असे एखाद्या उत्साही शिक्षकाला वाटले तर आम्ही त्याचे स्वागतच करू. मात्र अशा मांडण्यांत एक दोष सहज शिरतो, आणि तो इतिहासाचा नसून विज्ञानाच्या पद्धतीचा आहे.

मांडणी करणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक असतो. खेळून पाहताना पोरस जिंकू लागला, की हत्ती बिथरण्याचा नियम जरा कडक केला जातो. तरीही जमले नाही, तर मॅसिडोनियन घोडदळाला एक फासा वाढवून मिळतो. शेवटी निकाल जुळतो आणि मुलांना सांगितले जाते, ‘पाहा, हत्तींमुळे पोरस हरला.’ खेळाने हे सिद्ध केलेले नसते. आपणच ते नियमात घातलेले असते. एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा काढता येतात, हे आपण भूमितीत शिकवतोच. एका लढाईवरून बेतलेल्या नियमाची किंमत तेवढीच.

आधी आकडे तपासू. पोरसाचे हत्ती एरियनच्या मते २००, डायोडोरसच्या मते १३०, तर कर्टियसच्या मते ८५. एरियन म्हणतो की दोन हत्तींमध्ये निदान १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर अंतर होते. २०० हत्ती धरले तर रांग ६ किलोमीटर लांब होते. ८५ धरले तर अडीच किलोमीटर. अलेक्झांडरने नदीपार नेलेले पायदळ एरियन सुमारे ६,००० देतो. एका सैनिकाला १ मीटर रुंदी आणि ८ जणांची खोली धरली, तर त्याची फळी भरते अवघी ७५० मीटर. पटावर ६ किलोमीटरला १ मीटर हे प्रमाण घेतले, तर ही फळी साडेबारा सेंटिमीटरची होईल! एवढ्या एका गुणाकाराने मूळ ग्रंथांतील आकड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. हे गणित सातवीचा विद्यार्थीही करू शकेल.

आता हत्तींचा नियम. त्याची परीक्षा झेलमवर नव्हे, दुसरीकडे घ्यायला हवी. इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससला सेल्यूकसच्या हत्तींनी डेमेट्रियसच्या घोडदळाची परतीची वाट अडवली आणि लढाई जिंकून दिली. इ.स.पू. २१७ मध्ये राफियाला अँटायोकसच्या १०२ हत्तींनी समोरच्या ७३ हत्तींना मागे रेटले, तरी लढाई अँटायोकस हरला. ‘हत्ती बिथरतात आणि स्वतःचेच सैन्य तुडवतात’ एवढाच नियम केला, तर झेलम जुळेल, पण इप्सस जुळणार नाही.

नेमका हाच विचार लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक राहिलेले फिलिप सॅबिन यांनी ‘लॉस्ट बॅटल्स’ (२००७) या पुस्तकात केला आहे. प्रत्येक लढाईसाठी वेगळे नियम न करता एकच नियमावली त्यांनी तीसहून अधिक प्राचीन लढायांना लावून पाहिली. आमच्या मते या पुस्तकाचे खरे मोल येथे आहे. नियम एका उदाहरणाला चिकटवायचा नसतो, अनेक उदाहरणांवर घासून पाहायचा असतो.

तरीही एक आक्षेप उरतो. सैन्याचा दर्जा कसा ठरवायचा? मॅसिडोनियन सैन्य ग्रॅनिकस, इसस, गॉगामेला आणि झेलम अशा चार लढायांत भेटते, त्यामुळे त्याच्या दर्जाचा अंदाज पडताळता येतो. पोरसाचे सैन्य मात्र एकदाच भेटते, तेही जेत्यांच्या बाजूच्या लेखनातून. एरियनने तर लढाईनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहिले. या सैन्याला आपण ‘सामान्य’ म्हणालो काय किंवा ‘कसलेले’ म्हणालो काय, आधार एकच, तो म्हणजे पराभव. पराभवावरून दर्जा ठरवायचा आणि मग त्याच दर्जाने पराभवाचे कारण सांगायचे, हे वर्तुळ कितीही चांगली नियमावली केली तरी तुटत नाही.

म्हणून खेळ टाकून द्यावा काय? मुळीच नाही. फक्त त्याला विचारायचा प्रश्न बदलावा. वर्गात एकदा २०० हत्ती मांडावेत, एकदा ८५. नियम तेच ठेवावेत, प्रत्येक मांडणी अनेकदा खेळावी आणि निकालांची नोंद फळ्यावर करावी. निकालांत फारसा फरक पडला नाही, तर आपल्या नियमांपुरता तरी हत्तींच्या संख्येचा वाद गौण ठरतो. फरक पडला, तर कोणता आकडा अधिक काळजीने तपासायचा ते कळते. मग सैन्याचा दर्जाही असाच बदलून पाहावा.

लढाई कोण जिंकले हे पाठ्यपुस्तकात आहेच. आपल्या समजुतीतला कोणता भाग पुराव्यावर उभा आहे आणि कोणता आपण गृहीत धरला आहे, हे मुलांना दिसले की खेळाचे काम झाले.