वाक्याला कर्ता नाही

हिरोशिमाच्या स्मारकावर १९५२ साली कोरलेलं वाक्य मला खटकत राहतं. मृतांना ते सांगतं : शांत झोपा, ही चूक पुन्हा करणार नाही. पण कोण करणार नाही? मराठीसारखाच जपानीतही कर्ता गाळता येतो. त्याच वर्षी तिथे गेलेले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यावर भडकले : बॉम्ब काय जपान्यांनी टाकला? शहराच्या महापालिकेचं म्हणणं, कर्ता म्हणजे आपण सगळी माणसं.

उत्तर उदात्त आहे, पण युद्ध कसं पेटलं हा प्रश्न त्यात विरघळून जातो. सर्व्हर पडला की आम्हीही रिपोर्टमध्ये कोणाचं नाव घेत नाही. कारण मात्र लिहावंच लागतं.

ते कारण केइजी नाकाझावांनी लिहिलं. सहा वर्षांचे असताना ते बॉम्बमधून वाचले. १९७३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘हादाशी नो गेन’ या मांगा मालिकेत गेनचे बाबा युद्धाला विरोध करतात, म्हणून शेजारीपाजारीच त्यांना देशद्रोही ठरवतात. मदतीला येतो तो कोरियन शेजारी. बॉम्ब अमेरिकेचा, पण त्याआधीचं युद्ध गल्लीतल्या माणसांनीही चालवलेलं.

२०२३ मध्ये हिरोशिमाच्याच शाळांच्या शांतता-शिक्षण साहित्यातून गेन वगळला गेला. मुलं शांततेची प्रार्थना शिकतील. शेजारी गेनच्या बाबांवर का उलटले, हे त्यांना कोण सांगणार?