नवव्या पानाची जागा

टॅरोच्या पानांचे अर्थ सांगणारी पुस्तके प्रत्येक पानाला एक ठाम, जणू जन्मजात आशय बहाल करतात. या पानांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. पंधराव्या शतकात इटलीत ती निव्वळ खेळण्यासाठी निर्माण झाली. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने त्यांत प्राचीन इजिप्तचे गूढज्ञान पाहिले आणि मग भविष्यकथनाची परंपरा रुजली. पान आधी, अर्थ मागाहून. दशावतारी गंजिफ्याची गोष्ट नेमकी उलट आहे. तिथे अर्थ आधीच सिद्ध होता. तो खेळात उतरला.

सावंतवाडीला आजही रंगवल्या जाणाऱ्या या गोल पानांचा संच १२० पानांचा असतो. अवतार दहा म्हणून रंग दहा. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. उतारीचा मान दिवसा रामाच्या राजाला, रात्री कृष्णाच्या. नववा रंग बुद्धाचा. त्याला असा मान नाही, पण डावात तो इतरांहून उणाही नाही. सोस्यूरने दिलेला बुद्धिबळाचा दृष्टांत इथे आठवावा: हरवलेल्या घोड्याच्या जागी दुसरी कोणतीही वस्तू ठेवली तरी चालते, तिला मूल्य तेवढेच दिले म्हणजे झाले. मूल्य जागेचे असते, आकृतीचे नव्हे.

नवव्या जागेपुरता हा सिद्धांत अक्षरशः खरा झालेला दिसतो. ओडिशाच्या गंजप्यात तिथे जगन्नाथ येतो. गीतगोविंदातला बुद्ध पशुहत्येने द्रवणारा, तर विष्णुपुराणात याच जागेशी जोडलेला मायामोह असुरांना वेदमार्गापासून भुलवणारा. महाराष्ट्रात पानांबाहेर, जुन्या छापील पंचांगांवर आणि देवळांतल्या दशावतारपटांत, नववा आहे पंढरपूरचा विठ्ठल. एकनाथांसह अनेक संतांच्या रचनांत विठ्ठल हाच बौद्ध अवतार, आणि त्याचे मुख्य लक्षण मौन. शस्त्र न उगारणारा, कटेवर हात ठेवून नुसता उभा असलेला हा देव त्या मौनाला फार चपखल बसतो.

पण इथेच बुद्धिबळाचा दृष्टांत अपुरा पडतो. पटावरच्या बदली सोंगटीला हरवलेल्या घोड्याची आठवण नसते. संस्कृतीत बदली आलेली प्रतिमा आधीच्या प्रतिमेची खूण अंगावर वागवते, आणि ती खूण उलट्या दिशेनेही वाचता येते. विठ्ठल बुद्धाच्या जागी उभा असेल, तर विठ्ठलामागे बुद्ध उभा आहे असेही म्हणता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची असल्याचे प्रतिपादन केले, ते याच दिशेचे वाचन होते. पुढे ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील पाचवीने बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारले. वरवर पाहता ही दोन विधाने विसंगत वाटतात. ती तशी नाहीत. पहिले प्रतिमेवर हक्क सांगते, दुसरे त्या प्रतिमेला मिळालेली जागा नाकारते. बुद्ध आमचा आहे, पण तुमच्या संचातले नववे पान म्हणून नव्हे. चिन्हमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर हा एका चिन्हाच्या अर्थावरचा वाद नसून चिन्हव्यवस्थेतून बाहेर पडण्याची कृती आहे, आणि बाहेर पडणे हे कोणत्याही खेळाच्या नियमांत बसत नाही.

रा. चिं. ढेरे यांच्या १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथाने विठ्ठलाच्या घडणीतले अनेक थर उकलून दाखवले. त्यातील व्यासंग वादातीत आहे. शीर्षकातल्या ‘समन्वय’ या संज्ञेबद्दल मात्र शंका उरते. समन्वयात सर्व पक्ष स्वेच्छेने एकत्र येतात असे गृहीत असते. नवव्या जागी बुद्धाला कोणी बसवले, कोणत्या अटीवर बसवले आणि त्याच्या अनुयायांचे पुढे काय झाले, हे प्रश्न त्या शब्दाच्या सौजन्यात विरून जातात. मराठी समीक्षेने मिथकांच्या अभ्यासात ही संज्ञा इतकी सैल वापरली आहे की प्रतिस्थापन आणि समन्वय यांतला भेदच तिला दिसेनासा झाला आहे.

तो भेद पंचांगावर मात्र उघडा असे. चित्र विठ्ठलाचे, आणि खाली अक्षरे ‘बुद्ध’.