हातांना काही काम?

घरातल्या ट्रेनरवर पहिल्यांदा झ्विफ्ट चालवलं तेव्हा सगळ्यात विचित्र वाटले ते हात. पाय जोरात चालू आहेत, घाम चटईवर टपकतोय, पडद्यावर वाटोपिया नावाच्या बेटावरचा रस्ता समुद्राकडे वळतोय आणि हात हँडलवर नुसतेच ठेवलेले. वळण आलं की पडद्यावरचा मी आपोआप वळतो. समोर कुणी आलं तर त्याच्या आरपार जातो. सवयीनं ब्रेक दाबला तर पुढचं चाक थांबतं, पण ते आधीपासून थांबलेलंच असतं.

मी घरात सायकल चालवायला लागलो त्याला कारणही हातच होता. पौड रस्त्यावर एक रिक्षा इंडिकेटर न देता डावीकडे आली, मी ब्रेक दाबला, पुढचं चाक घसरलं आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. नंतर आईनं एवढंच सांगितलं, "चालवायचीच असेल तर माझ्या डोळ्यांसमोर चालव." मग डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दाराशी ट्रेनर आला. चार दिवसांनी खालच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "अरे, तुमच्याकडे रोज पहाटे कसलं वाटण असतं?"

कोथरूडमध्ये सायकल चालवलेल्या कुणालाही विचारा, पायांना फारसं कामच नसतं. कर्वे पुतळ्यापासून नळ स्टॉपपर्यंत दम लागत नाही, पण हात थकतात. दोन बोटं कायम ब्रेकवर, अंगठा घंटीवर, उजवा हात मधूनच बाहेर काढून मागच्याला "थांब रे बाबा" सांगायला. खड्डा, उघडणारं कारचं दार, उलट्या दिशेनं येणारी स्कूटर, सगळ्याला उत्तर हातच देतात. या अ‍ॅप्सनी नेमकी ही बाजू काढून टाकली. २०१४ मध्ये झ्विफ्ट आलं तेव्हा त्याचा मोठेपणा त्यातच होता. पायांनी किती वॅट दिले ते खरं, बाकी सगळं मशीन बघून घेईल. हा नियम मला अजूनही सुंदर वाटतो. माणसाचं इतकं प्रामाणिक मोजमाप दुसऱ्या कुठल्या व्हिडिओ गेममध्ये होत नाही.

पण हातांना रिकामं बसवेना. २०१९ मध्ये एका मातीच्या उताराच्या वाटेवर हँडलला फोन बांधून तो फिरवत वळायचा प्रयोग झाला. २०२० मध्ये एलिट कंपनीची पुढच्या चाकाखाली ठेवायची फिरती पाटी झ्विफ्टमध्ये चालू लागली. २०२३ मध्ये झ्विफ्टनं स्वतःचे कंट्रोलर काढले. 'प्ले' म्हणजे ब्रेकच्या मुठींना आतून चिकटणारे दोन तुकडे, बटणं आणि दाबायच्या पट्ट्या असलेले, थेट गेमिंग कंट्रोलरच्या घराण्यातले. 'क्लिक' म्हणजे अधिक आणि उणे अशी दोनच बटणं असलेली डबी. पुढच्या वर्षी 'राइड' नावाची अख्खी चौकटच आली, कंट्रोलर बसवलेली. माझे 'प्ले' आत्तेभावाच्या बॅगेतून अमेरिकेहून आले, चॉकलेटं आणि बदामांच्या मधे. गेले सहा महिने ते वापरतोय, आणि माझं मत दोन टोकांना गेलंय.

गिअरची बटणं अप्रतिम आहेत. ट्रेनरवर मागे गिअरचा संच नाही, १४ दात्यांची एकच चकती. साखळी कधी हलत नाही. बटण दाबलं की सॉफ्टवेअर नवा गिअर ठरवतं (असे २४ आहेत) आणि ट्रेनर त्या हिशेबानं भार बदलतो. आमचे आजोबा एका गिअरच्या सायकलवर रोज खडकीच्या कारखान्यात जायचे. त्यांची आणि माझी सायकल आता मागच्या बाजूनं सारखीच दिसते, फरक फक्त फर्मवेअरचा. तरीही अंगठा दाबल्यावर क्षणात मांडीला भार जाणवतो तेव्हा ते खोटं वाटत नाही. हातानं विचारलं, पायानं उत्तर दिलं. आल्प दू झ्विफ्टच्या २१ वळणांच्या चढावर मी या बटणांशी अक्षरशः बोलत असतो.

वळायची आणि ब्रेकची पट्टी मात्र फसली आहे. डावी पट्टी दाबली की पडद्यावरचा मी डावीकडे सरकतो. दोन्ही दाबल्या की वेग कमी होतो. वळणाच्या आतल्या कडेनं गेलं तर अंतर थोडं वाचतं, शर्यतीत कुणाच्या मागे लपून वारा चुकवता येतो. उपयोग आहे, नाही असं नाही. पण शरीराला काहीच कळत नाही. सायकल कलत नाही, वजन बाहेरच्या पायावर जात नाही, चुकलो तर पडत नाही. ताशी साठच्या आसपास उतार असला आणि पाय थांबवले की पडद्यावरचा मी आपोआप आडव्या नळीवर अंग मुडपून बसतो. खऱ्या शर्यतींत ही बसायची पद्धत जागतिक सायकल संघटनेनं एप्रिल २०२१ पासून धोक्याची म्हणून बंद केली. गेममध्ये ती बक्षीस आहे. आणि त्या क्षणी माझे खरे हात काय करतात? एक पंखा नीट करतो, दुसरा केळं सोलतो.

कंट्रोलरच्या परीक्षणांमध्ये बॅटरी किती टिकते, बटणं घामानं घसरतात का, जोडणी तुटते का, एवढंच तपासलं जातं. मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हातानं जे दिलं ते शरीराला परत मिळालं का? गिअरमध्ये मिळतं, कारण भार निर्माण करणारं यंत्र खोलीत खरंखुरं आहे. वळणात मिळत नाही, कारण वळणारं काहीच खोलीत नाही. बटण कितीही चांगलं केलं तरी हा फरक भरून निघणार नाही.

यामागे एक तांत्रिक कारण आहे आणि ते मला धंद्यामुळे दिसतं. ट्रेनर आणि अ‍ॅप ब्लूटूथवरून ज्या खुल्या मानकात बोलतात त्याचं नाव फिटनेस मशीन सर्व्हिस. अ‍ॅप ट्रेनरला चार गोष्टी सांगतं: वाऱ्याचा वेग, चढाची टक्केवारी, टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध. ट्रेनर वेग, वॅट, पायांचे फेरे परत पाठवतो. संपलं. हँडल, ब्रेक, गिअर यांना त्यात रकानाच नाही. मानक लिहिताना बसलेल्या लोकांच्या डोळ्यांसमोर जिममधली सायकल होती, रस्त्यावरची नव्हती. त्यामुळे नंतर ज्यानं त्यानं हातांसाठी आपापली खासगी भाषा बनवली. पाय खुल्या मानकात बोलतात आणि हात कंपनीच्या मालकीच्या भाषेत.

याचा त्रास पैशात मोजता येतो. झ्विफ्टची वर्गणी २०२४ पासून महिन्याला जवळपास २० डॉलर आहे. अमिरातीतलं मायवूश फुकट आहे आणि २०२४ ची ई-सायकलिंगची जागतिक स्पर्धा त्यावरच झाली. पुण्यात ट्रेनर घेतलेला विद्यार्थी किंवा पहिल्या नोकरीतला मुलगा कुठे जाईल हे सांगायला नको. पण 'प्ले' विकत घेतला म्हणून तो मायवूशशी बोलेलच असं नाही. सुरुवातीला त्याचे संदेश कूटबद्ध होते. हौशी प्रोग्रॅमरांनी ते उलगडले, आणि आता अशी मोफत, खुली अ‍ॅप्स आहेत जी कंट्रोलरचं बटण ऐकतात आणि मायवूशला कीबोर्डची कळ दाबल्याचं भासवतात. २०२५ मध्ये झ्विफ्टनं रूव्हीला आपलं हार्डवेअर अधिकृतपणे वापरू दिलं, हे चांगलंच झालं. पण परवानगी देणारा कोण आणि मागणारा कोण, हे त्यातही स्पष्ट आहे. माझ्या मित्रानं हा सगळा प्रश्नच टाळला. तपकीर गल्लीतून काडेपेटीएवढा ब्लूटूथ गेमपॅड आणला, कीबोर्ड म्हणून जोडला आणि रबरबँडनं हँडलला बांधला. गिअर बदलतात. दिसतं भयंकर. मला ते माझ्या सेटपेक्षा जास्त सायकलसारखं वाटलं, कारण बिघडलं तर तो स्वतः उघडू शकतो.

नकाशाचंही असंच. झ्विफ्टमध्ये लंडन आहे, न्यूयॉर्क आहे, जपानच्या धर्तीवरची बेटं आहेत. भारत नाही, आणि आपला रस्ता आपण टाकूही शकत नाही. मला चांदणी चौक हवाय असं नाही, तिथून तर पळून आलोय. पण हातांनी चालवायचा रस्ता कुणीच बनवलेला नाही, हे खटकतं. खड्डा आला आणि चुकवला नाही तर वेग जातो, एवढं जरी असतं तरी त्या पट्टीला अर्थ आला असता.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा राहून खेळाडूंचे हात बघत होतो. पाय सगळ्यांचेच सारखे फिरत होते. बोटं मात्र सतत काहीतरी करत होती: लिव्हरला हलकेच शिवायची, सुटायची, पुन्हा शिवायची. पंधरा दिवसांनी मी आईला न सांगता सिंहगडावर गेलो. चढ मजेत गेला. ट्रेनरनं पाय घडवले होते यात शंकाच नाही, वर्षभरापूर्वी जिथे उतरून ढकलत होतो तिथे आता बसून चढलो.

उतरताना तिसऱ्या का चौथ्या वळणावर समोरून जीप आली. माझा वेग फार नव्हता. पण ब्रेक लागायला जो वेळ गेला तो माझ्या ओळखीचा नव्हता. जीप गेली, मी कडेच्या खडीत एक पाय टेकून उभा राहिलो. समोर टोपलीत बोरं घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "काय झालं दादा, ब्रेक नाही का?"

"आहे की," मी म्हणालो.

मग खाली बघितलं. बोटं लिव्हरवर नव्हतीच. दोन्ही अंगठे मुठींच्या आतल्या बाजूला, घरी जिथे बटणं असतात तिथे, दाबलेले होते.