गीतचित्रांतील संकेत : एका परीक्षाप्रश्नाच्या निमित्ताने

इंग्लंडमधील ओसीआर या परीक्षामंडळाने २००८ साली सुरू केलेल्या 'मीडिया स्टडीज'च्या अभ्यासक्रमात वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांस एक काम करता येत असे. एखाद्या गायकाच्या नव्या अल्बमच्या प्रसिद्धीसाठी एक म्युझिक व्हिडिओ, म्हणजे ज्यास आम्ही या लेखात गीतचित्र म्हणू ते, तयार करावयाचे. त्याच्या जोडीला वेष्टन, जाहिरात, संकेतस्थळ यांपैकी दोन गोष्टी करावयाच्या. काम एकट्याने करावे, अथवा फार तर चौघांनी मिळून. एवढे झाल्यावर चार प्रश्नांची उत्तरे द्यावयाची, आणि शंभरांपैकी वीस गुण त्या उत्तरांस. त्यांतील पहिला प्रश्न असा की, तुमच्या कृतीने बाजारातील खऱ्याखुऱ्या कृतींची रूपे व संकेत कोणत्या प्रकारे वापरले, विकसित केले किंवा त्यांस आव्हान दिले?

प्रश्न परीक्षेचा असला तरी तो वाङ्मयविचारातील एक जुना प्रश्न आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने तो तीन मिनिटांच्या गाण्याच्या संदर्भात सोडवावयाचा म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही. आमचे म्हणणे या प्रश्नातील तीन क्रियापदांविषयी आहे. वापरणे ही पहिली पायरी, विकसित करणे ही दुसरी आणि आव्हान देणे हे शिखर, असा चढता क्रम विद्यार्थी आपोआप गृहीत धरतो, आणि तेथेच त्याच्या कृतीचा पाया कच्चा राहतो.

संकेत म्हणजे काय याचे इतके स्वच्छ उत्तर राजशेखराने दहाव्या शतकाच्या आरंभी 'काव्यमीमांसे'त देऊन ठेवले आहे की, आधुनिक ग्रंथ उघडण्यापूर्वी त्याजकडे जाणे बरे. (ज्याच्या पणज्यास, अकालजलदास, 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणत, तो हा राजशेखर कनोजच्या प्रतीहार राजाच्या पदरी होता. परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस त्याजविषयी थोडी अधिक आपुलकी वाटल्यास नवल नाही.) नद्यांत कमळे फुलतात, पाण्याच्या प्रत्येक साठ्यावर हंस असतात, मोती ताम्रपर्णीतच सापडतात, या गोष्टी लोकव्यवहारात खऱ्या नाहीत, तरी कवी त्या लिहितात. याचे नाव कविसमय. राजशेखर म्हणतो की, पूर्वीच्या जाणत्या कवींनी शास्त्रे अभ्यासून, देशोदेशी हिंडून जे पाहिले ते लिहिले. पुढे देश बदलला, काळ बदलला, वस्तुस्थिती निराळी झाली, तरी ते वर्णन तसेच चालत राहिले. आणि पुढे तो मोठ्या धीटपणे असेही सांगून टाकतो की, काही संकेत मात्र धूर्तांनी स्वार्थासाठी रूढ केले आहेत.

गीतचित्राच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार डोळ्यांपुढे घडले, कारण हा कलाप्रकार अगदी अलीकडचा. केवळ गीतचित्रे दाखविणारी एमटीव्ही ही वाहिनी अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ साली या प्रकारावर ग्रंथ लिहिला, आणि इंग्लंडमधील वर्गांतून त्यांची मांडणी जवळजवळ पाठ केली जाते: चित्राचा गाण्याच्या शब्दांशी व संगीताशी काही संबंध असतो, प्रत्येक संगीतप्रकाराची आपली दृश्य लक्षणे असतात, कंपनीच्या मागणीमुळे गायकाचा चेहरा वारंवार जवळून दाखवावा लागतो, पाहण्याच्या क्रियेस, विशेषतः स्त्रीकडे पाहण्यास, ठळक स्थान असते, अन्य चित्रपटांचे व गीतचित्रांचे पडसाद असतात. यांतील चेहऱ्याचे कलम पाहावे. हा संकेत सौंदर्यदृष्टीतून आलेला नाही. ध्वनिमुद्रिका विकावयाची, तर चेहरा ओळखीचा झाला पाहिजे, एवढेच त्याचे मूळ. राजशेखराच्या भाषेत हा दुसऱ्या जातीचा संकेत.

संकेत कसे काम करतात हे पाहण्यासाठी दोन प्रसिद्ध गीतचित्रे शेजारी ठेवू. दोन्ही शाळेत घडतात, आणि शाळा ही विद्यार्थ्यास फुकट मिळणारी एकमेव जागा असल्याने ती त्याच्या उपयोगाची आहेत. पहिले, 'निर्वाणा' या रॉक मेळाचे, सॅम्युएल बेयर यांनी दिग्दर्शित केलेले १९९१ चे 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'. दुसरे, ब्रिटनी स्पीअर्स हिचे, नायजेल डिक यांनी दिग्दर्शित केलेले १९९८ चे 'बेबी वन मोअर टाइम'. दोहोंत व्यायामशाळा आहे, पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर बसलेली मुले आहेत. पहिल्यात धुरकट पिवळसर उजेड. वाजविणारे नाचत नाहीत. हलतो तो जमाव, आणि त्याच्या हालचालींस शिस्त नाही. झाडू मारणारा म्हातारा नोकर मात्र आपल्या फडक्याच्या दांड्याबरोबर डोलतो. शेवटी मुले बाकांवरून खाली येऊन सर्व उधळून देतात. दुसऱ्यात प्रकाश स्वच्छ, सर्वांची पावले एका ठेक्यावर, रांगा आखलेल्या, आणि मध्यभागी एकच चेहरा. घंटेची वाट पाहत कंटाळलेली मुलगी मनाने वर्गाबाहेर नाचून येते आणि अखेरीस पुन्हा वर्गातच असते. एका ठिकाणी शाळा मोडली जाते. दुसऱ्या ठिकाणी ती जशीच्या तशी राहते, फक्त स्वप्नापुरती रजा मिळते. जागा तीच, बाके तीच. संगीताचा प्रकार बदलला आणि शाळेचा अर्थच बदलला.

तथापि आमच्या मते याहून बारकाईची गोष्ट पहिल्या चित्रात आहे. गायक कर्ट कोबेन याचा चेहरा बहुतेक वेळ केसांआड व धुरात दडलेला आहे, आणि अगदी शेवटी तो एकदाच स्पष्ट, जवळून दिसतो. हे दृश्य अंतिम संकलनात कोबेनच्याच आग्रहाने आले. कंपनीस हवा असलेला चेहरा त्याने नाकारला नाही. रोखून धरला आणि मग दिला. धूर्तांनी रूढ केलेल्या संकेतातून त्याने अर्थ काढला तो असा.

आता विद्यार्थ्याची अडचण पाहा. त्याच्याजवळ कंपनी नाही, विकावयाची मुद्रिका नाही, आणि बहुधा गाणेही दुसऱ्याचे. गायकाचे सोंग वर्गमित्राने घेतलेले. तरी गुडविन यांच्या यादीत लिहिले आहे म्हणून तो मित्राचा चेहरा दर दहा सेकंदांनी जवळून दाखवितो. या जातीची कितीतरी विद्यार्थीकृत गीतचित्रे आज यूट्यूबवर पाहावयास मिळतात: ओसाड वाटेवर एकटी चालणारी मुलगी, जुनी छायाचित्रे, भूतकाळ दाखविण्यासाठी फिकट तपकिरी रंग, काळ्या पडद्यापुढे गिटार. यांत चूक अशी काहीच नसते. प्रत्येक कलमापुढे खूण करता येते. सरकारी पत्रव्यवहाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस हा प्रकार परिचित आहे: संदर्भ क्रमांक आहे, विषय आहे, 'उपरोक्त विषयास अनुसरून' आहे, खाली सही आहे, आणि मध्ये सांगितलेले काहीच नाही. नमुन्याबरहुकूम मसुदा हा निर्दोष असू शकतो. पत्र असेलच असे नाही.

या पोकळपणाची जाणीव हुशार विद्यार्थ्यास होतेच, आणि मग तो तिसऱ्या क्रियापदाकडे धाव घेतो. ओठांची जुळणी सोडून देतो, कथा उलटीसुलटी करतो, गायक दाखवीतच नाही, आणि उत्तरपत्रिकेत लिहितो की मी संकेतांस आव्हान दिले. आव्हान की आळस, हे ठरविण्याचे साधन प्रेक्षकाजवळ उरत नाही. कारण जे मोडले ते प्रथम उभेच केलेले नव्हते.

आव्हानाची खरी किंमत काय असते हे पाहावयाचे असल्यास जेमी थ्रेव्हज यांनी दिग्दर्शित केलेले, 'कोल्डप्ले' या मेळाचे २००२ चे 'द सायंटिस्ट' पाहावे. त्यात काळ उलटा वाहतो. गायक मागे मागे चालत जातो आणि अखेर एका मोटार-अपघाताच्या क्षणापाशी पोचतो. सर्व जग उलटे, परंतु गायकाचे ओठ मात्र शब्दांशी बरोबर जुळतात. याचे कारण, ख्रिस मार्टिन याने ते गाणे उलट क्रमाने म्हणावयास शिकून चित्रीकरण केले, आणि या तयारीस त्याला सुमारे महिना लागला. सामान्यतः ही जुळणी साधी असते: गाणे ध्वनिक्षेपकावर लावावयाचे, गायकाने बरोबर म्हणावयाचे, निरनिराळ्या कोनांतून तेच पुन्हापुन्हा टिपावयाचे आणि संकलनात मूळ ध्वनीशी मिळवावयाचे. या साध्या संकेताचे पालन येथे महिनाभराच्या कष्टांनी केले आहे, आणि ते केले म्हणूनच काळाचे उलटेपण अंगावर येते. ओठही उलटे हलले असते तर ती यंत्राची गंमत झाली असती. एक संकेत मोडावयाचा तर दुसरा किती घट्ट धरावा लागतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

खर्चाची सबब येथे कोणी पुढे करील, म्हणून आणखी एक उदाहरण देतो. 'ओके गो' या रॉक मेळाने २००५ साली 'अ मिलियन वेज' हे गीतचित्र गायकाच्या घरामागील अंगणात केले. कॅमेरा एका जागी, दृश्य अखंड एकच, आणि मेळातील चौघे पूर्ण गंभीर मुद्रेने कवायतीसारखे नाचतात. रॉक वाजविणारे नाचत नाहीत हा संकेत आपण वर 'निर्वाणा'च्या चित्रात पाहिलाच. तो येथे मोडला आहे. पण त्यासाठी पॉपमधील सामूहिक नृत्याचा संकेत पाऊलभरही न चुकता पाळला आहे. तो अर्धवट पाळला असता तर विनोदही अर्धवट राहिला असता. त्या परीक्षेत गटाची मर्यादा चौघांचीच होती, आणि अंगण तर कोणाच्याही घरी मिळेल.

म्हणून त्या तीन क्रियापदांत आम्ही पहिल्यासच सर्वांत अवघड मानतो. संकेत वापरणे म्हणजे तो कोठून आला, कोणाच्या सोयीसाठी आला आणि आता त्याच्याकडून आपल्याला काय करवून घ्यावयाचे आहे, हे ठरविणे. ज्या विद्यार्थ्याने आपल्या मित्राचा चेहरा दोनच वेळा जवळून दाखविला आणि ते दोनच का हे ज्याला सांगता येते, त्याने सर्व काही मोडणाऱ्यापेक्षा अधिक केले, असे आम्हांस वाटते.

तो अभ्यासक्रम आता मागे पडला आहे. २०१७ पासून इंग्लंडमध्ये लागू झालेल्या नव्या रचनेत ते चार प्रश्न राहिले नाहीत. त्यांच्या जागी विद्यार्थ्याने काम सुरू करण्यापूर्वीच सुमारे पाचशे शब्दांत आपला हेतू लिहून द्यावयाचा असतो. पूर्वी कृती झाल्यावर तिला कारणे चिकटविली जात. आता कारणे आधी लिहून त्यांना कृती जुळवावी लागेल. यातून धुक्यातील तो चेहरा शेवटपर्यंत रोखून धरण्यासारखी, संकलनाच्या मेजावर ऐन वेळी सुचणारी गोष्ट कोणत्या रकान्यात बसवावयाची, हे परीक्षकांनीच ठरवावे.