खरखरही जपून ठेवणारी तबकडी

१९९९ साली 'डीव्हीडी-ऑडिओ' या संगीताच्या तबकडीचे मानक ठरले, तेव्हा खरी अडचण जागेपेक्षा वेगाची होती. सभोवार ध्वनीसाठी सहा वाहिन्या, प्रत्येकीचे सेकंदाला ९६,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा. गुणाकार करून पाहा, सेकंदाला सुमारे १३८ लाख बिट होतात. तबकडीवरून मात्र ९६ लाखांहून जास्त वाचता येत नसत. संक्षेपण केल्यावाचून गत्यंतर नव्हते.

कानाला जाणवणार नाही असा भाग टाकून देणारी पद्धत चित्रपटांच्या डीव्हीडीवर होतीच. संगीतासाठी ती न घेता 'मेरिडियन लॉसलेस पॅकिंग' ही काहीही न गमावणारी पद्धत निवडली गेली. ध्वनिमुद्रण हा दस्तऐवज आहे असे मानले, तर ही निवड आम्हाला योग्य वाटते.

या पद्धतीचे मर्म वर्गात दाखवता येईल. १००, १०४, १०९, ११३, ११८ हे आकडे लिहायला प्रत्येकी सात, म्हणजे एकूण ३५ बिट लागतात. पहिला आकडा आणि मग नुसते फरक लिहा : ४, ५, ४, ५. आता १९ बिटांत भागते. (चढउतार असेल तर चिन्हासाठी प्रत्येक फरकामागे आणखी एक बिट.) पुढचा नमुना मागच्यांवरून ताडता येतो, म्हणून हे जमते. शंभर वेळा उडवलेल्या नाण्याचे छापा-काटे मात्र थोडक्यात सांगण्याची युक्ती नाही.

आमचा आक्षेप इथेच आहे. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबल, म्हणजे २४ बिटांत १४४. पण मंडलातील उष्णतेमुळे होणारी खरखर कोणालाच टळत नाही. उत्तम उपकरणेही १२० डेसिबलच्या आसपास थांबतात, म्हणजे वीस बिट. उरलेले चार बिट म्हणजे नाणेफेकच! ९६,००० नमुने, सहा वाहिन्या, चार बिट : सेकंदाला २३,०४,००० बिट, आणि ते आकुंचन पावत नाहीत. साध्या सीडीवर दोन्ही वाहिन्यांचे सगळे संगीत १४,११,२०० बिटांत मावते. संगीताला जेवढी जागा पुरते, त्याच्या दीडपटीहून अधिक जागा इथे निव्वळ खरखर अडवून बसते.

ऐकणाऱ्याला फरक कळतो का? २००७ साली मेयर आणि मोरान यांनी अमेरिकेत घेतलेल्या चाचण्यांत ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली. डोळे मिटून उत्तरे दिली असती तरी २७७ ची अपेक्षा होती. त्यांच्या काही तबकड्यांचे मूळ मुद्रणच वरच्या दर्जाचे नव्हते, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. २०१६ साली राइस यांनी अठरा प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा प्रमाण ५२.३ टक्के निघाले. तयार कानांचे याहून बरे. फरक अगदीच नाही असे म्हणवत नाही, पण तो केवढा ते दिसतेच.

समजा, सर्व वाहिन्या २० बिटांच्या घेतल्या. पुढच्या तीन ९६,००० नमुन्यांच्या आणि उरलेल्या तीन ४८,००० च्या. बेरीज ८६ लाखांच्या आसपास येते. संक्षेपण न करताही ती मर्यादेत बसते, आणि ४.७ जीबीच्या तबकडीवर सत्तर मिनिटांहून थोडे अधिक संगीत मावते. अशी विभागणी मानकाला मान्यही होती. मग संक्षेपणाने वाचलेली जागा जास्त वेळाच्या संगीतासाठी वापरता आली असती. पण वेष्टनावर '२४' हा आकडा '२०' पेक्षा शोभून दिसतो. डीव्हीडी-ऑडिओ पुढे मागे पडली. ही संक्षेपण पद्धत मात्र 'डॉल्बी ट्रूएचडी'च्या रूपाने ब्लू-रे तबकडीवर गेली.